अजिंठ्याकडे येणारे, नागसेनवनातून जाणारे

परदेशी विद्यापीठात काही महिने राहून शिकवण्याची आणि संशोधन करण्याची संधी देणारी जी योजना ‘व्हिजिटिंग फेलोशिप’ या नावाने ओळखली जाते, आणि जिला मराठीत अभ्यागत अध्यापकवृत्ती म्हणता येईल, तिची चर्चा महाराष्ट्रात बहुधा व्यक्तीच्या गौरवापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. निवड झाल्याची बातमी छापून येते, महाविद्यालयात शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, प्राध्यापक जातात, परत येतात आणि त्यांच्या सेवापुस्तकात एक नोंद वाढते. पण त्या काही महिन्यांतून वर्गात काय आले, कोणत्या नियतकालिकात कोणता वाद सुरू झाला, पुढच्या विद्यार्थ्याला कोणता विषय सुचला, हे विचारण्याची पद्धत पडलेली नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर या प्रश्नाच्या विचाराला विशेष सोयीचे आहे, कारण परदेशी विद्वानांना अभ्यासासाठी ओढून आणणारी स्थळे त्याच्या आसपास जितकी दाटीने आहेत तितकी महाराष्ट्रात फारच थोड्या ठिकाणी आढळतात, आणि त्याच शहरातील एका महाविद्यालयाच्या परिसरात, परदेशात शिकून परतलेल्या अध्यापकाने मराठी वाङ्मयाची दिशा बदलण्यास कसा हातभार लावला, याचे ठळक उदाहरणही घडलेले आहे.

प्रथम या योजनांचे स्वरूप पाहिले पाहिजे. परदेशी शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला मिळते आणि तिचा शेवट पदवीत होतो. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही त्या प्रकारची आहे. अभ्यागत अध्यापकवृत्ती मात्र अध्यापकाला मिळते, तिच्यातून पदवी मिळत नाही, आणि ती घेणारा शिकण्याइतकाच शिकवण्यासाठी जात असतो. या प्रकारातील सर्वांत परिचित नाव फुलब्राइटचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेल्या अमेरिकी युद्धसामग्रीच्या विक्रीतून येणारा पैसा विद्वानांच्या देवघेवीसाठी वापरावा, असा कायदा १९४६ मध्ये सिनेटर फुलब्राइट यांच्या पुढाकाराने झाला, आणि भारताशी तसा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. २००८ मध्ये नवा करार होऊन भारत सरकारने खर्चाचा वाटा उचलला, तेव्हापासून ती फुलब्राइट-नेहरू योजना म्हणून चालते. तिच्यातील अध्यापक-संशोधकांसाठीची वृत्ती साधारणपणे चार ते नऊ महिन्यांची असते आणि अर्जदार शिकवणे, संशोधन करणे किंवा दोन्ही यांपैकी काय करणार हे अर्जातच सांगतो. या योजनेच्या व्हिसावर गेलेल्या व्यक्तीने काही प्रकारचा दीर्घ वास्तव्याचा परवाना मागण्यापूर्वी दोन वर्षे मायदेशी राहिले पाहिजे, अशी अट अमेरिकेच्या नियमांत आहे. म्हणजे परत येणे हा या योजनेचा गाभाच मानलेला आहे. परत येऊन काय करावे, हे मात्र कोणत्याही नियमात लिहिता येत नाही, आणि ते ठरवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या समाजावर पडते.

येणाऱ्यांचा विचार करताना अजिंठ्यापासून सुरुवात करणे योग्य ठरेल. मिशिगन विद्यापीठातील कला-इतिहासाचे प्राध्यापक वॉल्टर स्पिंक (१९२८–२०१९) यांनी आपल्या आयुष्याची पन्नासांहून अधिक वर्षे अजिंठ्याच्या लेण्यांना दिली, आणि लायडन येथून २००५ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्यांच्या अनेक खंडी ग्रंथात अशी मांडणी केली, की महायान काळातील लेणी शतकानुशतके रेंगाळत कोरली गेलेली नसून वाकाटक सम्राट हरिषेणाच्या कारकिर्दीच्या आगेमागे, साधारण इसवी सन ४६२ ते ४८० या अल्प काळात, जवळजवळ सर्व काम झाले. या सिद्धान्ताबद्दल मतभेद आहेत आणि ते राहतील. पण त्यामागची पाहण्याची पद्धत लक्ष देण्याजोगी आहे. दाराचे कूस फिरावे म्हणून दगडात केलेली खोबण कोणत्या रीतीची आहे, ती वापराने झिजली आहे की कोरीच राहिली आहे, गाभाऱ्याच्या छतावर दिव्यांची काजळी धरली आहे की नाही, हार टांगण्यासाठी ठोकलेल्या आकड्यांच्या खुणा कुठे आहेत आणि कुठे नाहीत, अशा बारीक पुराव्यांवरून एखाद्या लेण्यात पूजा सुरू झाली होती की काम अर्धवट टाकून कारागीर निघून गेले होते, हे ते ठरवत असत. असे पाहणे एका हिवाळ्यातील भेटीत साधत नाही; त्यासाठी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येण्याची सोय लागते, आणि ती सोय संशोधनवृत्ती व परदेशी विद्यापीठातील स्थिर नोकरी यांनी मिळून दिलेली असते.

त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे, की स्पिंक यांच्या मांडणीचा मोठा भाग येथील विद्वत्तेच्या पायावर उभा आहे. वाकाटकांच्या कोरीव लेखांचे प्रमाणभूत संपादन नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले आणि ते १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’तील शेवटच्या कथेत वाकाटक साम्राज्याच्या ऱ्हासाचे प्रतिबिंब आहे, हा तर्कही मिराशींचाच, आणि स्पिंक यांनी तो स्वीकारून पुढे नेला. १९६२ मध्ये र. शं. गुप्ते आणि बी. डी. महाजन यांनी अजिंठा, वेरूळ व औरंगाबाद या तिन्ही ठिकाणच्या लेण्यांवर एकत्र ग्रंथ लिहिला होता. म्हणजे ज्ञान येथे नव्हते आणि ते बाहेरून आले, असे चित्र खरे नाही. येथील ज्ञानाला दीर्घकाळ एकाच प्रश्नामागे राहण्याची फुरसत, प्रवासाचा खर्च, छायाचित्रांचा संग्रह आणि जगभर पोहोचणारा प्रकाशक या गोष्टी मिळाल्या नाहीत, आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांच्या नावावर विषय रूढ झाला.

शहराजवळच्या खुलदाबादची कथा याहून वेगळी नाही. चौदाव्या शतकात, दौलताबादला राजधानी हलवण्याच्या महंमद तुघलकाच्या निर्णयानंतर दिल्लीहून दख्खनेत आलेल्या चिश्ती सूफींमध्ये बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांचे स्थान अग्रभागी होते, आणि त्यांच्या संभाषणांच्या ज्या नोंदी शिष्यांनी फारसीत लिहून ठेवल्या, त्या मलफूजात नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाङ्मयाच्या आधारे कार्ल अर्न्स्ट या अमेरिकी अभ्यासकाने १९९२ मध्ये खुलदाबादवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेच्याच एलिनॉर झेलियट यांनी १९६० च्या दशकात महाराष्ट्रात राहून आंबेडकरी चळवळीचा अभ्यास केला, १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला प्रबंध सादर केला आणि पुढे मिनेसोटा राज्यातील कार्लटन कॉलेजमध्ये शिकवताना दलित लेखकांशी आयुष्यभराचा स्नेह जपला. पैठणच्या एकनाथांवर आणि महानुभावांच्या लीळाचरित्रावर परदेशी विद्यापीठांत जे काम झाले तेही याच ओळीत येते. या मंडळींनी मराठी, फारसी, पाली शिकण्याचे कष्ट घेतले, गावोगावच्या माणसांचे ऋण आपल्या ग्रंथांत मान्य केले आणि मराठवाड्याला जागतिक विद्येच्या नकाशावर जागा दिली. त्यांच्याविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. प्रश्न त्यांच्या हेतूंचा नाही, प्रवाहाच्या दिशेचा आहे.

ही दिशा आपोआप ठरलेली नव्हती, तिच्यामागे पैशाची आणि संस्थांची रचना होती. १९५४ च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या अमेरिकी कायद्यान्वये भारताला गहू दिला गेला, त्याची किंमत रुपयांत घेतली गेली आणि भारताबाहेर नेता न येणारे हे रुपये साठत गेले. १९६२ पासून त्यांचा एक भाग भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकेच्या ग्रंथालयांना पाठवण्यासाठी खर्च होऊ लागला. औरंगाबादेत किंवा पुण्यात छापलेला मराठी कवितासंग्रह, एखाद्या संस्थेचा स्मरणग्रंथ, बंद पडलेल्या मासिकाचे अंक अशा प्रकारे शिकागोसारख्या विद्यापीठांच्या फडताळांत क्रमवार लागले, त्यांची सूची झाली, आणि मराठी विषयावर काम करणाऱ्याला पुष्कळदा स्वदेशापेक्षा तेथे अधिक सहजपणे पुस्तक हाती येऊ लागले. १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था स्थापन झाली आणि अमेरिकी अभ्यासकांना भारतात पाठवण्याची कायम व्यवस्था निर्माण झाली. याच्या तोडीची, मराठवाड्यातील अध्यापकांना जगभर पाठवणारी आणि तेथील ग्रंथालयांत बसवणारी व्यवस्था इकडून उभी राहिली नाही. ज्या प्रदेशात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट होती आणि जेथे विद्यापीठच २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले, तेथे ती लगेच उभी राहणे शक्यही नव्हते. पण त्यानंतरच्या सहा दशकांना हे कारण पुरत नाही.

या असमान देवघेवीचा विचार करण्यासाठी निकष शोधायला दूर जाण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० मध्ये औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले, त्याला त्यांनी मिलिंद हे नाव दिले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे, आणि संवादाला बसण्यापूर्वी नागसेन एक अट घालतो: राजा पंडितांप्रमाणे वाद करणार असेल तर चर्चा होईल, राजांप्रमाणे करणार असेल तर होणार नाही. पंडितांच्या वादात, ज्याला तेथे पंडितवाद म्हटले आहे, गुंता सोडवला जातो, चूक दाखवली जाते, चूक मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात, म्हणजे राजवादात, एक जण मत मांडतो आणि ते न मानणाऱ्याला शिक्षा होते. मिलिंद पंडितवादाची अट मान्य करतो. सत्ता, सैन्य आणि संपत्ती एका बाजूला असताना केवळ ज्ञानाच्या बळावर दुसरी बाजू समान पातळीवर बसते, हे या प्रसंगाचे मर्म आहे. अभ्यागत अध्यापकवृत्तीतही संपत्ती एका बाजूला असतेच, कारण विमानाचे भाडे, मानधन, ग्रंथालय आणि निमंत्रण ही सारी यजमान विद्यापीठाची असतात. म्हणून तिची खरी कसोटी ही, की तेथे होणारा व्यवहार पंडितवादाचा आहे की राजवादाचा.

या कसोटीवर मराठी विद्वत्तेच्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण धर्मानंद कोसंबींचे आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले, औपचारिक पदवी नसलेले, बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करीत श्रीलंकेत पाली शिकलेले कोसंबी १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरेन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते, आणि ते पुरे करण्यासाठी हस्तलिखिते वाचू शकणारा, परंपरेतून शिकलेला पाली पंडित तेथे हवा होता. काम चालू असताना, या ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव यावे, यावरून हार्वर्डचे प्राध्यापक लॅनमन आणि कोसंबी यांच्यात मतभेद झाला. कोसंबींना साहाय्यकाची भूमिका मान्य नव्हती आणि ते १९१२ मध्ये परत आले. त्यानंतरही ते हार्वर्डला गेले, पण आपल्या विद्येचा मान सोडून गेले नाहीत. देवनागरी लिपीतील ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी स्वतंत्रपणे १९४० मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केला, आणि हार्वर्डच्या ग्रंथमालेत तो १९५० मध्ये, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, वॉरेन यांच्या नावासोबत त्यांचेही नाव घेऊन बाहेर पडला. शीर्षकपानावरील नावाचा हा वाद क्षुल्लक मानता येणार नाही, कारण आलेला विद्वान हा माहिती पुरवणारा आहे की ज्ञान निर्माण करणारा, याचा निवाडा त्या पानावर होत होता.

कोसंबींच्या परत येण्याचे फळ मात्र याहून मोठे आहे. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, चिं. वि. जोशी यांच्यासारखे पालीचे अभ्यासक तयार झाले. हार्वर्डमधील वास्तव्य हे एका माणसाचे संचित न राहता विद्यापीठीय विषय झाले, त्या विषयाला विद्यार्थी मिळाले आणि विद्यार्थ्यांमधून पुढचे अध्यापक निघाले. परदेशी वृत्तीचे मोल ठरवताना परत आल्यानंतरची ही सहा वर्षे हार्वर्डमधील वर्षांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, महत्त्वाची मानली पाहिजेत.

दुसरे उदाहरण नागसेनवनातीलच आहे. मिलिंद महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करणारे आणि पुढे प्राचार्य झालेले डॉ. म. ना. वानखडे १९६० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात गेले आणि वॉल्ट व्हिटमनवर प्रबंध लिहून परतले. त्यांचा तो प्रवास पदवीसाठीचा होता, अध्यापकवृत्तीचा नव्हता, तरीही अध्यापकाच्या परदेशगमनातून काय साधू शकते याचे ते उत्तम प्रमाण आहे. त्या वर्षांत अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा ऐन भरात होता आणि त्या समाजाचे वाङ्मय स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या अनुभवाच्या बळावर बोलत होते. वानखडे यांनी परतल्यावर आपल्या लेखांतून आणि भाषणांतून हे वाङ्मय दलित तरुणांसमोर मांडले, आणि प्रस्थापित अभिरुचीच्या मान्यतेची वाट न पाहता लिहिण्याचे आवाहन केले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ या त्रैमासिकाच्या रूपाने या विचाराला औरंगाबादेतच व्यासपीठ मिळाले, मिलिंदच्या विद्यार्थ्यांमधून लेखक-कवी पुढे आले, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातही अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे स्मरण होते. १९७८ मध्ये डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहून या अभ्यासाला आणखी विस्तार दिला.

दलित साहित्य अमेरिकेतून आयात झाले, असा याचा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. त्याची मुळे जोतीराव फुले आणि आंबेडकर यांच्या विचारात, शाहिरी जलशांत आणि गावकुसाबाहेरच्या जगण्यात होती. बाबूराव बागूल यांच्यासारखे लेखक त्याच मातीतून लिहीत होते. वानखडे यांनी आणलेली गोष्ट वेगळी होती: जे येथे घडत आहे त्यासारखे जगात अन्यत्र घडले आहे, त्याला वाङ्मय म्हणून मान मिळाला आहे, म्हणून येथील लेखकाने बिचकू नये, हा तुलनेतून येणारा आत्मविश्वास त्यांनी आणला. तो आत्मविश्वास इंग्रजी शोधनिबंधात न ठेवता मराठीत, महाविद्यालयाच्या वर्गात आणि त्रैमासिकाच्या पानांवर ठेवल्यामुळेच त्यातून चळवळ निघाली. कोसंबी आणि वानखडे या दोघांच्या उदाहरणांतून एकच सूत्र हाती येते: परदेशातील विद्येला परतल्यावर वर्ग, मराठी भाषा आणि नियतकालिक या तीन आधारांची गरज असते, आणि यांपैकी एकही नसेल तर उत्तमातील उत्तम वृत्ती व्यक्तीच्या परिचयपत्रातच संपते.

येथे अध्यापनाचा वेगळा विचार केला पाहिजे, कारण संशोधनवृत्तीपेक्षा शिकवण्याची जबाबदारी असलेली वृत्ती अधिक कसाची असते. अमेरिकी विद्यापीठात साधारण पंधरा आठवड्यांच्या सत्राचा अभ्यासक्रम बहुधा शिकवणारा स्वतः रचतो. पहिल्याच दिवशी कोणत्या आठवड्यात काय वाचायचे, कोणत्या तारखेला कोणते लेखन द्यायचे आणि त्याला किती गुण, हे सांगणारा छापील आराखडा विद्यार्थ्यांच्या हाती पडतो, आणि चर्चावर्गात पंधरा-वीस विद्यार्थी वाचून आलेले आहेत हे गृहीत धरून प्रश्नांपासून सुरुवात होते. बीड, जालना किंवा धाराशिवच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या अध्यापकाला अभ्यास मंडळाने ठरवलेला अभ्यासक्रम, विद्यापीठाची परीक्षा आणि शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांचा वर्ग यांची सवय असते. अशा अध्यापकाने ‘एकनाथांची भारुडे’ किंवा ‘दख्खनेतील सूफी’ किंवा ‘दुष्काळ आणि ऊसतोड कामगारांचे स्थलांतर’ या विषयावर अभ्यासक्रम रचून, त्या प्रदेशाचे नावही न ऐकलेल्या विद्यार्थ्यांसमोर तो उभा करायचा, यात त्याच्या स्वतःच्या समजुतीची कठोर परीक्षा होते. जे वर्षानुवर्षे गृहीत धरले होते ते पहिल्यांदा समजावून सांगावे लागते, आणि समजावताना त्यातील न तपासलेले भाग लक्षात येतात. म्हणून शिकवणे हे संशोधनाच्या वेळेतून कापून घेतलेले ओझे आहे, ही समजूत टाकून दिली पाहिजे. मराठवाड्याच्या विषयांसाठी तर परकीय वर्गात शिकवणे हीच संशोधनाची एक पद्धत ठरू शकते.

मग असे अध्यापक मोठ्या संख्येने का जात नाहीत, या प्रश्नाची उत्तरे गुणवत्तेत कमी आणि व्यवस्थेत अधिक सापडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत, सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षे सेवा झालेल्या कायम अध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष आणि संपूर्ण सेवेत दोन वर्षे, संशोधन-लेखनासाठी पगारी सबॅटिकल रजेची तरतूद आहे. कागदावरची ही तरतूद विभागात दोन-तीनच कायम अध्यापक उरलेले असतात तिथे वापरणे अवघड होते, कारण जाणाऱ्याचा कार्यभार तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांवर पडतो आणि ना हरकत प्रमाणपत्राची फाईल संस्था, विद्यापीठ आणि सहसंचालक कार्यालय यांच्यामध्ये फिरत राहते. जे स्वतः तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित महाविद्यालयात काम करतात, त्यांना तर रजा ही संकल्पनाच लागू होत नाही. सत्र सोडले की काम गेले, अशी त्यांची स्थिती असते. पीएच.डी. झालेल्या, संशोधनाची उमेद असलेल्या तरुण अध्यापकांचा मोठा वर्ग याच स्थितीत आहे, आणि परदेशी वृत्तीचे दार त्यांच्यासाठी नियमाने बंद नसले तरी व्यवहारात बंदच राहते.

भाषेची अडचणही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. वानखडे इंग्रजीचे अध्यापक होते. इतिहास, मराठी, समाजशास्त्र मराठीतून शिकवणाऱ्या अध्यापकाकडे विषयाचे सखोल ज्ञान असूनही अर्जातील प्रकल्पाचे निवेदन, अभ्यासक्रमाचा नमुना आणि निमंत्रणासाठीचा पत्रव्यवहार यांत तो मागे पडतो. उलट मोडीचे कागद, महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्या, दखनी बोली किंवा गावोगावच्या जलशांची परंपरा हे ज्याला घरच्यासारखे अवगत आहे, त्याच्याशिवाय परदेशातील मराठी-अभ्यासाचे पुढचे पाऊल पडणार नाही. या कोंडीवर संयुक्त अध्यापन हा उपाय संभवतो: परदेशी विद्यापीठातील अभ्यासक आणि येथील अध्यापक यांनी एकच वर्ग मिळून शिकवावा आणि त्यातून निघणाऱ्या लेखनावर दोघांचीही नावे यावीत. कोसंबींना ज्या मानासाठी भांडावे लागले, तो अशा करारात आधीच लिहून ठेवता येतो.

या साऱ्याला एक वजनदार आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. शेकडो संलग्न महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा रिकाम्या असताना, ग्रंथालयांना पुस्तके घेण्यास पैसा नसताना, चार-दोन प्राध्यापकांना परदेशी धाडण्यात कोणते शहाणपण आहे, असे विचारले जाते. रिकाम्या जागा भरणे ही पहिली गरज आहे यात शंका नाही, आणि परदेशी वृत्ती हा तिला पर्याय होऊ शकत नाही. परंतु या वृत्तींचा बहुतांश खर्च राज्याच्या शिक्षणनिधीतून होत नाही, त्यामुळे त्या नाकारल्याने एकही जागा भरली जाणार नाही. त्याहून महत्त्वाचे असे, की मराठवाड्यातील शिक्षणाचा अनुशेष भरून काढण्यासाठी ज्या महापुरुषाने मिलिंदची स्थापना केली, तो स्वतः बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेला होता. जगातील सर्वोत्तम विद्या आणि सर्वांत वंचित विद्यार्थी यांच्यात परस्परविरोध नाही, त्यांना एकत्र आणणे हेच शिक्षणाचे काम आहे, ही त्यांची धारणा त्यांच्या संस्थात्मक कार्यात दिसते.

विद्यापीठाच्या पातळीवर करण्यासारख्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. येथे संशोधनासाठी येणाऱ्या परदेशी अभ्यासकाला संलग्नता देताना, त्याने आपल्या वास्तव्यात विद्यापीठात किंवा एखाद्या ग्रामीण महाविद्यालयात काही व्याख्याने द्यावीत आणि प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची प्रत येथील ग्रंथालयात ठेवावी, अशी अपेक्षा करारात घालता येते. केंद्र सरकारच्या २०१५ मधील ‘ज्ञान’ योजनेने परदेशी अध्यापकांचे लघु-अभ्यासक्रम भारतीय संस्थांत घेण्याचा मार्ग आधीच आखून दिला आहे. जाणाऱ्या अध्यापकाच्या जागी त्या काळापुरती पूर्ण वेतनाची बदली नेमणूक व्हावी, म्हणजे रजेचे ओझे सर्वांत दुर्बळ सहकाऱ्यावर पडणार नाही. अर्ज करू इच्छिणाऱ्यांना निवेदन आणि अभ्यासक्रम लिहिण्याचे मार्गदर्शन देणारा कायम कक्ष असावा, आणि आधी जाऊन आलेल्यांनी तेथे वेळ द्यावा. परतलेल्या अध्यापकाकडून अहवालाऐवजी दोन गोष्टी मागाव्यात: तेथे शिकवलेल्या अभ्यासक्रमाचे येथील वर्गासाठी केलेले रूप आणि मराठी नियतकालिकात लिहिलेला एक दीर्घ लेख. तसेच परदेश म्हणजे अमेरिका आणि इंग्लंड, हे समीकरणही सैल केले पाहिजे. अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी जपानने अर्थसाहाय्य दिले आहे, श्रीलंका आणि थायलंड येथे पालीची जिवंत परंपरा आहे, दक्षिण आफ्रिकेत वर्ण आणि समतेच्या प्रश्नांचा अनुभव आहे. मराठवाड्याच्या विषयांना या देशांतील विद्यापीठांत नैसर्गिक श्रोते मिळू शकतात.

अजिंठ्याकडे येणारे विद्वान येत राहतील आणि ते यावेतच, कारण ज्या स्थळाचा अभ्यास जग करते त्याच्या परिसरातील विद्यार्थ्यांना त्याचा लाभ होण्याची शक्यता नेहमी असते. पण ती शक्यता प्रत्यक्षात यायची असेल तर यजमान शहराने केवळ वाटाड्या, दुभाषा आणि माहितीचा पुरवठादार या भूमिकांवर समाधान मानणे सोडले पाहिजे, आणि आपल्या अध्यापकांना तितक्याच हक्काने जगाच्या वर्गांत पाठवले पाहिजे. नागसेनाने घातलेली अट राजाने मान्य केली, कारण नागसेनाजवळ देण्यासारखे ज्ञान होते आणि ती अट घालण्याचे धैर्य होते. मराठवाड्याजवळ ज्ञान आहे, हे बाहेरून आलेल्या प्रत्येक अभ्यासकाच्या श्रमाने सिद्ध केले आहे. आता आपल्या अटी लिहून, आपल्या माणसांना रजा, बदली आणि पाठबळ देऊन, परतलेल्यांकडून वर्गाचे आणि मराठीचे ऋण फेडून घेण्याची व्यवस्था उभारणे, हे या शहरातील विद्यापीठाचे आणि महाविद्यालयांचे कर्तव्य आहे.